दुपारचं ऊन आणि संध्याकाळची डीपी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर तवा, आणि तेवढ्यात लाइन गेली. बाहेर येऊन पाहिलं तर पलीकडच्या गल्लीत लख्ख उजेड, अंधार फक्त आमच्याच गल्लीत. शेजारच्या काकू ओट्यावर येऊन बसल्याच होत्या. पदरानं वारा घेत म्हणाल्या, "आज बी आपलीच पाळी दिसते वं बाई!"

वायरमनदादा आले, फ्यूज बांधला, लाइन आली. अर्ध्या तासानं पुन्हा गेली. पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मात्र ते डीपीजवळच थांबले आणि मला म्हणाले, "वहिनी, गल्लीत यंदा नवीन काय काय लागलं, सांगा बरं."

आम्ही बायकांनी बोटं मोडून हिशेब केला. चार घरी नवे कूलर. एका घरी एसी. तीन घरी बॅटरीच्या स्कूटर. एकाच्या ओसरीत बॅटरीचा ऑटो. आणि गंमत म्हणजे ही सगळी वाहनं संध्याकाळी सहा-सातला घरी येतात आणि आल्या आल्या त्यांना वायर लागते. म्हणजे ज्या वेळी आपण दिवे लावतो, कूलर लावतो, पाण्याची मोटार लावतो, टीव्ही लावतो, मिक्सर फिरवतो, नेमक्या त्याच वेळी. वायरमनदादा हसून म्हणाले, "डीपी खराब नाही वहिनी. तुम्ही सगळ्यांनी मिळून दमवली तिला."

मी कला शाखेची पदवीधर. विज्ञानाचं पुस्तक दहावीनंतर मिटलं ते मिटलंच. पण बचत गटाच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना एक गोष्ट मात्र कळली. वीज हा काही फक्त इंजिनिअर लोकांचा विषय नाही. घरात वीज कोणत्या तासाला किती लागते, हे घरातल्या बाईइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि तरीही विजेच्या नियोजनात तिला कुणी काही विचारत नाही. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

आधी ही डीपी काय करते ते समजून घेऊ. उपकेंद्रातून गावात येणारी वीज जास्त दाबाची असते. डीपी, म्हणजे रोहित्र, तो दाब आपल्या घरात चालेल इतका कमी करते आणि मग तारांवरून घराघरांत वीज जाते. प्रत्येक डीपीची एक ताकद ठरलेली असते. कुठे ६३ केव्हीए, कुठे १००, कुठे २००. ताकद ठरवताना असं गृहीत धरलेलं असतं की सगळी घरं सगळी उपकरणं एकाच वेळी लावणार नाहीत.

लग्नाच्या पंगतीसारखंच आहे हे. मांडवात शंभर पानं बसतील एवढीच जागा असते, जेवणारे मात्र चारशे. तरी सगळे व्यवस्थित जेवतात, कारण पंगती चार उठतात. चारशे जण एकदम पानावर बसायला लागले तर ना जागा पुरेल, ना वाढपी. स्वयंपाक कितीही असो, उपाशी उठणारे उठतीलच. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी तेच झालं. वीज कमी नव्हती, पंगत एकच होती.

समजा, एका १०० केव्हीएच्या डीपीवर ऐंशी घरं आहेत. संध्याकाळी घरटी पाऊण किलोवॅट धरलं तरी साठ किलोवॅट झाले. आता त्यात दहा बॅटरी-ऑटो आले. एकेका ऑटोचा चार्जर तीन किलोवॅटचा धरा, तीस किलोवॅट वाढले. वीस स्कूटर आल्या, एकेकीचा चार्जर पाऊण किलोवॅट, आणखी पंधरा. बेरीज करा. एकशे पाच! हिशेब ढोबळ आहे, पण सांगायचं ते सांगतो. गावात फार मोठं काही घडलेलं नाही, कारखाना आलेला नाही. फक्त तीस गाड्या आल्या आणि सगळ्या एकाच वेळी चार्जिंगला लागल्या.

आता याच डीपीकडे दुपारी बारा वाजता पाहा. माणसं शेतात, लेकरं शाळेत, घरं अर्धी बंद. घरांचा वापर पंचवीस-तीस किलोवॅटवर उतरलेला. आणि वर ऊन कसं तर वऱ्हाडातलं! त्यात आता छतावर सौर पॅनेल यायला लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली. एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला साधारण चार युनिट वीज तयार होते. समजा, आपल्या डीपीवरच्या पंधरा घरांनी तीन-तीन किलोवॅटची पॅनेल बसवली. भर दुपारी चाळीसेक किलोवॅट वीज छतांवरूनच येणार आणि वापरायला घरात कुणीच नाही. मग ती उरलेली वीज उलटी डीपीकडे जाते.

आजवर तारेतून वीज एकाच बाजूनं यायची, वरून खाली. आता ती दुपारी खालून वर जाते आणि संध्याकाळी वरून खाली येते. ज्या तारा नि ज्या डीपी एकाच दिशेसाठी बसवल्या, त्यांच्यावर ही दुहेरी वाहतूक आली. एकाच गल्लीत फार पॅनेल झाली तर दुपारी लाइनच्या टोकाला व्होल्टेज वाढतं. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की सौरचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. म्हणजे ऊन आहे, पॅनेल आहे आणि वीज मात्र वाया.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पॅनेल बसवणाऱ्या मैत्रिणी मला म्हणतात, "ताई, आमचं काय, आमचं बिल शून्य!" बिल शून्य येतं ते नेट मीटरमुळे. दुपारी तुम्ही जास्तीची वीज लाइनला देता, रात्री लाइनकडून घेता आणि महिन्याअखेर दोन्हींची वजाबाकी होते. ही वजाबाकी बिलावर होते, डीपीवर होत नाही! संध्याकाळी साडेसातला तुमच्या छतावरचं पॅनेल झोपलेलं असतं. तेव्हा तुम्हीही आमच्यासारख्याच त्याच डीपीच्या पंगतीला बसलेल्या असता. आणखी एक. लाइन गेली की बॅटरी नसलेल्या घरातली सौर वीजही बंद होते. वायर दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती तशीच रचना आहे. तेव्हा 'मी माझ्यापुरती सुटले' असं कुणालाच म्हणता येत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याच गावाचा आहे असंही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सौर वीज भरपूर. तिथल्या विजेचं नियोजन करणाऱ्यांनी २०१३ मध्ये दिवसभराच्या मागणीचा आलेख काढला. दुपारी सौर विजेमुळे बाकीच्या विजेची गरज पोटासारखी खाली गेलेली आणि सूर्य मावळताच मानेसारखी सरळ उभी वर. तो आलेख दिसायला बदकासारखा, म्हणून जगभर त्याला 'बदकाचा आलेख' असंच नाव पडलं. ते बदक आता आपल्या गल्लीत आलं आहे, एवढंच.

मग करायचं काय? गाड्या घ्यायच्याच नाहीत? पॅनेल बसवायचीच नाहीत? असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की खेड्यातल्या बाईला या दोन्ही गोष्टींची जेवढी गरज आहे, तेवढी कुणालाच नाही.

आमचं किन्हीराजा मालेगाव तालुक्यातलं. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. २०२५ च्या राज्याच्या धोरणात त्या महामार्गावर विजेवरच्या मोटारींना टोलमाफी दिली. चांगलंच झालं. पण नागपूरहून मुंबईला जाणारी ती मोटार आमच्या वाडीतल्या पोरीला काय कामाची? तिला मोठ्या गावापर्यंत, फाट्यापर्यंत, एसटीपर्यंत पोहोचायचं असतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बायका किती आनंदल्या! पण एसटी फाट्यावर थांबते आणि घर असतं आत दोन-तीन किलोमीटर. तेवढ्या रस्त्यासाठी अर्ध्या तिकिटाचे वाचलेले पैसे ऑटोवाल्याला द्यावे लागतात आणि संध्याकाळी तर तो मिळतच नाही. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीनं याच कारणानं बारावीनंतर कॉलेज सोडलं. मार्क चांगले होते. फी भरायची तयारी होती. नव्हती फक्त संध्याकाळी फाट्यावरून घरी यायची सोय. तिची आई मला म्हणाली, "पोरगी हुशार हाय ताई, पण अंधार पडल्यावर रस्त्यानं एकटी येन कशी?" दोन किलोमीटरच्या अंधारानं एका मुलीचं शिक्षण थांबवलं. या गोष्टीची नोंद ना शिक्षण खात्याकडे आहे, ना वीज खात्याकडे.

म्हणून आमच्या गटात दोन वर्षांपासून एक बोलणं चालू आहे. सगळ्यांनी मिळून एक बॅटरीचा ऑटो घ्यायचा. सकाळी कॉलेजच्या मुली, मग मजूर बाया, संध्याकाळी पुन्हा मुली, मधे कुणी गरोदर बाई असली तर दवाखान्यात. सरकारची 'पिंक ई-रिक्षा' योजना आहे. दहा टक्के बाईनं भरायचे, वीस टक्के शासन देतं, सत्तर टक्के बँकेचं कर्ज, आणि दहा हजार बायकांना रिक्षा द्यायचं उद्दिष्ट. पण ती आखली मोठ्या शहरांसाठी. खेड्यातल्या बाईला रिक्षा चालवता येत नाही की काय?

आता गंमत पाहा. आमच्या ऑटोचं वेळापत्रक कागदावर मांडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळच्या फेऱ्या साडेदहाला संपतात आणि संध्याकाळच्या साडेचारला सुरू होतात. मधले पाच-सहा तास ऑटो उभाच! आणि हेच तास उन्हाचे. ज्या वेळी छतांवरची वीज वापरायला कुणी नाही, त्याच वेळी गावाची सामाईक गाडी मोकळी आहे. त्या वेळेत तिला चार्जिंग केलं तर संध्याकाळच्या पंगतीत तिचं पान मांडायलाच नको. शिवाय एका युनिटमध्ये असा ऑटो ढोबळमानानं दहा किलोमीटर जातो. डिझेलच्या मानानं हा खर्च किती कमी, ते घरखर्च सांभाळणारीला सांगायला नको.

खासगी स्कूटरचं तसं नाही. ती मालकाबरोबर दिवसभर बाहेर असते आणि रात्रीच घरी येते. म्हणजे दहा घरांनी दहा स्कूटर घेतल्या तर दहा वायरी रात्री लागणार. तीच दहा माणसं एका सामाईक गाडीनं गेली तर एकच वायर, तीही दुपारी. सामाईक वाहन म्हटलं की आपण फक्त पैशांची बचत पाहतो. पण त्यात डीपीचीही बचत आहे. वीज खात्यानं खरं तर गावात सामाईक गाडी घेणाऱ्या गटाचे आभारच मानायला हवेत!

पण ही गोष्ट आपोआप होणार नाही. दिल्लीत २०१० च्या आसपास ई-रिक्षा आल्या. बघता बघता हजारोंनी झाल्या. त्या कुठे उभ्या राहतील, कुठे आणि कधी चार्ज होतील याचा विचार आधी झाला नाही. मग रात्री मिळेल तिथे वायर टाकून चार्जिंग, कुठे चोरून आकडे आणि त्यातून शॉक लागून अपघात. गाडी आधी आली आणि नियोजन मागून धावलं. आपल्याकडे अजून गाड्या थोड्या आहेत. आत्ता विचार केला तर वेळ गेलेली नाही.

आणि एकत्र बसून विजेची वेळ ठरवायची कल्पना आपल्या गावांना नवी आहे का? आठवा बरं ते भारनियमनाचे दिवस. लग्न होऊन मी आले तेव्हा दहा-बारा तास लाइन नसायची. त्या वेळी, २००५ च्या सुमारास, राज्यात अक्षय प्रकाश योजना आली होती. संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी शेतातल्या मोटारी बंद ठेवायच्या, आकडे काढून टाकायचे, हे गावानं मिळून ठरवायचं आणि त्या बदल्यात घरात दिवा जळायचा. पुढे गावठाणाचे नि शेतीचे फीडर वेगळे करायचं काम झालं. तेव्हा आपण अंधार वाटून घेतला होता. आता ऊन वाटून घ्यायचं आहे. जमणार नाही का?

शेतीच्या बाबतीत सरकारनं हा विचार केलाही. रात्रीच्या लाइनीनं हरभऱ्याला पाणी द्यायला नवरा जायचा, तेव्हा बाईचा डोळा लागत नसे. थंडी, साप, रानडुक्कर, काय काय भीती! पिकाला पाणी दिवसा हवं, ऊन दिवसा असतं, मग पंपाची वीज दिवसाच का नको, या विचारानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतीला वीज देणाऱ्या उपकेंद्राच्या जवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि तीच वीज दिवसा पंपांना द्यायची. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा. आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, पोहरादेवीला, पंतप्रधानांच्या हस्ते अशा पाच प्रकल्पांचं, एकूण १९ मेगावॅटचं लोकार्पण झालं. त्यात शेजारच्या अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतलेही प्रकल्प होते.

पंपासाठी जे तत्त्व लावलं, तेच गावातल्या गाडीसाठी का लावू नये? ऊन जिथे पडतं तिथेच, पडतं त्याच वेळी वापरायचं. पंप शेतात होता, बापे मंडळींचा होता, त्यासाठी आंदोलनं झाली, म्हणून तो नियोजनात आला. कॉलेजच्या मुलीची नि मजूर बाईची गाडी नियोजनात नाही, कारण तिच्यासाठी कुणी आंदोलन केलं नाही. कडू वाटेल, पण मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

मी हे बोलते तेव्हा एक आक्षेप नेहमी येतो. मागच्या महिला सभेत एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या स्लॅबवर सूर्य आला वं बाई, आमच्या टिनावर कवा येईन?" सगळ्या हसल्या, पण मी गप्प झाले. कारण त्या खरं बोलत होत्या. पॅनेल बसवायला पक्कं छत लागतं, आणि अनुदान सोडून उरलेले पैसे लागतात. त्यावर मीटर ज्याच्या नावावर, योजना त्याच्या नावावर. आणि खेड्यातलं मीटर कुणाच्या नावावर असतं? सासऱ्याच्या, नाहीतर नवऱ्याच्या. विधवा बाई, टिनाच्या घरातली बाई, भाड्यानं राहणारी बाई, या तिघींच्या वाट्याला या योजनेतून येतं ते काय? दुपारी शेजाऱ्याच्या छतावर चमकणारं पॅनेल आणि संध्याकाळी स्वतःच्या घरात मिणमिणणारा दिवा. डीपी मोठी झाली नाही आणि गाड्या नि एसी वाढत गेले, तर सगळ्यात आधी व्होल्टेज कमी होतं ते लाइनच्या टोकाच्या घरांचं. ही टोकाची घरं कुणाची असतात, ते मी लिहायला नको.

त्या आजींच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, सामाईक छत. शाळेचं छत, ग्रामपंचायतीचं छत, समाजमंदिराचं छत. ते कुणा एकाच्या स्लॅबचं नसतं, सगळ्यांचं असतं. त्यावरच्या पॅनेलखाली गटाची गाडी दुपारी चार्ज झाली, तर तो सूर्य टिनाच्या घरातल्या मुलीलाही कॉलेजला नेऊन आणेल. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. एक छोटी वाडी सगळी मिळून करू शकते, तर आपल्याला निदान एक छत करायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप पुरुषमंडळींचा असतो. "आधी धड व्होल्टेज द्या म्हणावं, मग गाड्यांचं बोला." तोही खोटा नाही. पण डीपी वाढवायची तर किती वाढवायची, हे ठरवायला तरी आधी माहिती नको का? नुसती ६३ ची १०० केली आणि पाच वर्षांत सगळ्यांनी रात्रीच वायरी लावल्या, तर तीही दमणार. केंद्राच्या २०२१ च्या वीज वितरण सुधारणा योजनेत देशभरासाठी तीन लाख कोटींहून अधिक रुपयांची तरतूद झाली. पैसा येतो, तारा बदलतात, मीटर बदलतात. प्रश्न हा आहे की कुठली डीपी मोठी करायची आणि कुठे नुसती वेळ बदलून भागेल, हे ठरवताना गल्लीतल्या बाईला कुणी विचारतं का?

म्हणून मैत्रिणींनो, माझ्या काही मागण्या आहेत आणि आपल्यासाठी काही कामंही.

पहिली मागणी, प्रत्येक डीपीवर किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर साधा फलक असावा. डीपीची ताकद किती, घरं किती, सौर पॅनेल किती, चार्जिंगच्या गाड्या किती. रेशन दुकानावर फलक लागतो, मग डीपीचा का नको? दुसरी, गावात एक सामाईक चार्जिंगची जागा असावी, तिला वेगळं मीटर असावं, वर सौर छत असावं आणि बचत गटाच्या नि प्रवासी गाड्यांना दुपारी तिथे पहिला मान असावा. राज्यात विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळा वीजदर आहेच, त्याचा उपयोग गावालाही होऊ द्या. तिसरी, पिंक रिक्षासारखी योजना खेड्यातल्या गटांना खुली करा. एकेकीला नसेल द्यायची तर गटाला द्या. आमच्या कर्जफेडीचा इतिहास बँकांना चांगला ठाऊक आहे.

चौथी मागणी एसटीसाठी. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ ला एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली. अशा गाड्या पुढेमागे आपल्या आगारातही येतील. पण अशा एकाच बसचा जलद चार्जर आपल्या गल्लीच्या अख्ख्या डीपीपेक्षा जास्त वीज ओढतो. तेव्हा बस यायच्या आधी आगाराची लाइन वेगळी असायला हवी, नाहीतर एसटी चार्ज होईल आणि आगाराजवळची वस्ती अंधारात बसेल.

आता आपली कामं. घरात बॅटरीची गाडी आली असेल तर वाढीव भाराचा अर्ज करा, लपवू नका. आपण लपवलं की वीज खात्याच्या कागदावर आपली गल्ली हलकीच राहते आणि डीपी कधीच मोठी होत नाही. स्वयंपाकघरातल्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढून ऑटो चार्ज करू नका. जाड वायर, वेगळा पॉइंट आणि नीट अर्थिंग, एवढं तरी बघाच. वायर हाताला गरम लागली तर तो इशारा समजा. संध्याकाळी सहा ते दहा गाडीला वायर लावायची नाही, एवढं गल्लीत ठरवून टाका. रात्री अकरानंतर लावली तरी सकाळपर्यंत बॅटरी भरते. गिरणी, धुण्याचं मशीन, पाण्याची मोटार जमेल तेवढं दुपारी. १ जुलै २०२५ पासून वेळेनुसार नोंद करणाऱ्या नव्या मीटरच्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. म्हणजे दुपारचं ऊन आता बिलातही मोजलं जाऊ लागलं आहे. अर्थात, दिवसभर निंदणाला जाणारी बाई दुपारी मशीन कशी लावणार, हेही नियोजन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सवलत घरी असणाऱ्यांना आणि भार मजुरीला जाणाऱ्यांना, असं व्हायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. कायद्यानं तशी सोय केली आहे. स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. पण महिला सभेत आपण बोलतो काय? पाणी, नाली, दारूबंदी. बोलायलाच हवं. त्यात आता एक विषय वाढवा, आपली डीपी. कागद घ्या, चोवीस रेघा मारा आणि कोणत्या तासाला आपल्या गल्लीत काय काय चालू असतं ते लिहून काढा. त्याला इंजिनिअर लागत नाही. तो कागद ठरावाबरोबर जोडा आणि वीज कार्यालयात देऊन पोच घ्या.

आमच्या गल्लीनं तेवढं केलं. तीन स्कूटरवाल्यांनी आणि ऑटोवाल्या भाऊंनी संध्याकाळऐवजी रात्री उशिरा वायर लावायचं कबूल केलं. फ्यूज उडणं अगदी थांबलं असं म्हणणार नाही, पण रोजचं होतं ते पंधरा दिवसांवर गेलं. नवीन तार नाही, नवीन डीपी नाही, फक्त ओट्यावर बसून झालेलं बोलणं. आमचा गटाचा ऑटो मात्र अजून आलेला नाही. कर्जाचा कागद फिरतो आहे, चार्जिंगच्या जागेचा ठराव पुढच्या ग्रामसभेत आहे. कॉलेज सोडलेली ती मुलगी आता घरीच शिलाई करते. मागच्या आठवड्यात भेटली तर म्हणाली, "काकू, ऑटो आला तर मी पुन्हा नाव घालीन कॉलेजात."

ऊन तर रोज पडतं आहे. ते तिच्यापर्यंत पोहोचायला उशीर होतो आहे तो आपलाच.